युद्ध आणि होमलँड सिक्युरिटीवर उमेदवाराचं नक्की मत काय? ते शोधायच्या साइट्सचा रिव्ह्यू (कॅलिफोर्नियावाल्यांसाठी, बाकीच्यांनाही चालेल)

आधी हे कोणासाठी ते सांगते म्हणजे बाकीच्यांचा वेळ जायला नको. ग्रीन कार्डाची रांग पार करून, सिटिझनशिपची परीक्षा देऊन जे आता इथे मत देऊ शकतात आणि बॅलटचं पाकीट आलं की ते मायक्रोवेव्हच्या डोक्यावर ठेवून शेवटच्या वीकेंडपर्यंत विसरून जातात, त्यांच्यासाठी. कॅलिफोर्नियात बॅलट घरपोच येतं आणि भरायला काही आठवडे मिळतात, त्यामुळे वेळ नव्हता हे कारण इथे चालत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. शाळा, टॅक्स, घरांचे भाव यावर कोण काय म्हणतं ते पटकन कळतं, कारण तिथे उमेदवार एकमेकांशी भांडतात आणि भांडणात खरी मतं बाहेर येतात. युद्ध आणि होमलँड सिक्युरिटीचा विषय निघाला की सगळ्यांची एकच कॅसेट, देश सुरक्षित ठेवू, सैनिकांचा मान राखू, मित्रदेशांच्या पाठीशी उभे राहू. यातून डोंबल कळणार?

म्हणून मी पुस्तिका, साइट्स, क्विझ, डिबेट सगळं एकाच प्रश्नावर घासून बघितलं, की बॉम्ब टाकायची परवानगी मागायला सरकार दारात येईल तेव्हा हा माणूस काय करेल. टेस्ट केस घेतली २०२४ ची कॅलिफोर्नियाची सिनेटची प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या खऱ्या लढतीआधीची चाळणी, जिच्यातले पहिले दोनच पुढे जातात. तेव्हाच्या सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी परत उभी राहणार नाही असं आधीच जाहीर केलं होतं, मग सप्टेंबर २०२३ मध्ये त्या वारल्याच, आणि ५ मार्च २०२४ च्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक पक्षाचेच तीन चालू काँग्रेस मेंबर आमनेसामने आले. लॉस एंजेलिसकडचा ॲडम शिफ, ऑरेंज काउंटीची केटी पोर्टर आणि आमच्या बाजूची, ऑकलंडची बार्बरा ली. रिपब्लिकनांकडून स्टीव्ह गार्वी, डॉजर्सचा जुना बेसबॉलवाला. तिघा डेमोक्रॅट्सचं गर्भपात, हवामान, ट्रम्प यावर साधारण एकच मत, तिथे निवडायला फार काही नव्हतंच. युद्धावर मात्र ली आणि शिफ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक, तोही वीस-बावीस वर्षांपासूनचा आणि सगळा नोंदवलेला. म्हणजे जी साइट हा फरक मला पाच-दहा मिनिटांत दाखवू शकत नाही ती या कामाला निरुपयोगी, असा सरळ हिशोब धरला.

सुरुवात सरकारी पुस्तिकेपासून. ऑफिशियल व्होटर इन्फर्मेशन गाइड, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसकडून फुकट घरी येते. हिंदीत पण मिळते बरं का, स्पॅनिश, चायनीज, तागालोग, व्हिएतनामीज वगैरे भाषांबरोबर. मराठीत नाही. सासूबाई गेल्या काही वर्षांत सिटिझन झाल्या, त्यांच्यासाठी हिंदी कॉपी मागवली. त्यांनी ती चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, पेपर वाचतात तशी पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि तासाभराने मला हाक मारली, "अगं, यात लढाईचं कुठे लिहिलंय?" म्हटलं, "आई, ते नसतं त्यात." "मग एवढं जाड पुस्तक कशाला छापलंय?" प्रश्न बरोबरच आहे. जाडी येते ती प्रपोझिशनमुळे, म्हणजे ज्या कायद्यांवर लोकांनीच थेट मत द्यायचं असतं त्यांच्यामुळे. मार्च २०२४ ला तर राज्याचं एकच प्रपोझिशन होतं आणि त्याच्या कायद्याचा मजकूरच पानंच्या पानं. सिनेटच्या उमेदवाराला मिळते जास्तीत जास्त २५० शब्दांची जागा आणि ती विकत घ्यावी लागते, एका शब्दाला २५ डॉलर. पूर्ण जागा भरायची तर ६,२५० डॉलर. ज्याला घ्यायची नसते तो घेत नाही, मग नुसतं नाव. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या मजकुराची सत्यता कुठल्याही सरकारी खात्याने तपासलेली नाही. आता २५ डॉलरला एक शब्द घेऊन कोण सांगेल हो की मी इराक युद्धाला होकार दिला होता?

प्रपोझिशनसाठी मात्र या पुस्तिकेला तोड नाही. लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टचं विश्लेषण, बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडचे मुद्दे, सगळं नीट मांडलेलं असतं. त्या कामाला पाचपैकी साडेचार. युद्ध आणि सुरक्षेवर उमेदवार ओळखायला पाचपैकी एक, तोही हिंदीत छापतात म्हणून.

बॅलटपीडिया. २००७ पासून आहे, ना-नफा संस्था चालवते, पत्ता टाकला की तुमचं बॅलट जसंच्या तसं समोर येतं, वॉटर बोर्डापासून सिनेटपर्यंत सगळी नावं. मार्च २०२४ ला हे फार कामाला आलं, कारण सिनेटसाठी एकाच बॅलटवर दोन वेगळ्या लढती होत्या. एक पूर्ण सहा वर्षांची, दुसरी फाइनस्टाइन यांच्या टर्मच्या उरलेल्या काही आठवड्यांची. आमच्या ओळखीत निम्म्या लोकांना वाटलं प्रिंटिंग मिस्टेक आहे, शिफचं नाव दोनदा कसं. तिथे ते व्यवस्थित समजावलेलं होतं. उमेदवारांची मतं मात्र हे लोक कँडिडेट कनेक्शन नावाच्या सर्व्हेतून गोळा करतात आणि तो भरणं ऐच्छिक आहे, म्हणजे ज्याला कोणी ओळखत नाही तो हौसेने लांबलचक उत्तरं लिहितो आणि ज्याच्यामागे कोट्यवधीची प्रचारयंत्रणा आहे त्याला गरज नसते. चालू मेंबर असेल तर महत्त्वाची मतदानं खाली दिलेली असतात, ती बघा, पण जुनी खणायची तर दुसरीकडे जावं लागतं. साडेतीन.

व्होट स्मार्टची गोष्ट मला त्यांच्या साइटपेक्षा जास्त आवडते. रिचर्ड किम्बॉल नावाचा ॲरिझोनाचा माणूस १९८६ ला सिनेटला उभा राहिला, जॉन मकेनकडून हरला, आणि पुढे त्याने ही संस्था काढली, उमेदवारांना स्पष्ट प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लोकांसमोर ठेवायची. प्रश्नावलीचं नाव पोलिटिकल करेज टेस्ट, म्हणजे उत्तर न देणाऱ्याच्या नावापुढे त्याने दिलं नाही असं जाहीर लिहायचं. मकेन पुढे याच संस्थेच्या बोर्डावर होता, आणि २००८ ला प्रेसिडेंटच्या इलेक्शनला उभा असताना त्यानेच ती टेस्ट भरायला नकार दिला तेव्हा त्यांनी त्याला बोर्डावरून काढला. हे मात्र मानलं पाहिजे. आता बहुतेक मोठे उमेदवार भरतच नाहीत, कारण एका शब्दाचं हो-नाही उत्तर दिलं की विरोधक उद्या त्याचीच जाहिरात करणार, त्यांचेच सल्लागार त्यांना गप्प बसा म्हणतात. मग व्होट स्मार्टवाले भाषणं आणि मतदान बघून स्वतः अंदाज लिहितात. युद्धाच्या बाबतीत इथली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या संघटनांनी दिलेले मार्क. शांततावाद्यांनी किती दिले, संरक्षणवाल्यांनी किती, इस्रायलच्या बाजूच्यांनी किती, हे एका पानावर दिसलं की माणूस साधारण कुठे उभा आहे ते कळतं. कारण कळत नाही. तीन.

आता ऑन द इश्यूज. पहिल्यांदा उघडाल तर वाटेल ही साइट कोणीतरी नव्वदच्या दशकात केली आणि कुलूप लावून निघून गेला. रंग तसले, फाँट तसला, फोनवर वाचायचं तर बोटांनी मोठं करत बसा. पण टिकून राहा, कारण विषयवार मांडणी हीच एक साइट धड करते. उमेदवाराचं नाव घ्या, होमलँड सिक्युरिटी वेगळं पान, वॉर अँड पीस वेगळं पान, फॉरेन पॉलिसी वेगळं. प्रत्येक पानावर एकेका ओळीत तो काय बोलला, कुठे, कधी, आणि कुठल्या ठरावावर हो की नाही. बार्बरा ली आणि ॲडम शिफ यांची वॉर अँड पीसची पानं शेजारी शेजारी उघडा, बाकी काही वाचायची गरज राहत नाही. ऑक्टोबर २००२, इराकवर सैन्य वापरायची परवानगी. शिफ हो. ली नाही. पेट्रियट ॲक्ट, सरकारला पाळत ठेवायचे जास्त अधिकार देणारा कायदा, ऑक्टोबर २००१, हाउसमध्ये म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात ३५७ विरुद्ध ६६. शिफ हो, ली त्या ६६ मध्ये.

एक तक्रार आहे आणि ती आपल्या लोकांसाठी मोठी आहे. होमलँड सिक्युरिटीच्या पानावर मिळतं पेट्रियट ॲक्ट, हेरगिरी, संरक्षण बजेट असलं सगळं. पण डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी हे खातं १ मार्च २००३ ला सुरू झालं तेव्हा २२ वेगवेगळ्या एजन्सी त्यात कोंबल्या आणि इमिग्रेशन बघणारी जुनी आयएनएस मोडून तिचे तुकडे पण याच खात्यात घातले. आपली ग्रीन कार्डाची फाइल, सिटिझनशिपचा अर्ज एन-४००, बायोमेट्रिक्स, हे सगळं जी यूएससीआयएस बघते ती या खात्याची. २०२५ पर्यंत एअरपोर्टवर बूट काढायला लावणारी टीएसए याच खात्याची, भारतातून उतरल्यावर बॅगेतलं लोणचं बाहेर काढायला लावणारी सीबीपी पण याचीच, कागदपत्रं नसलेल्यांना पकडणारी आयसीई पण. म्हणजे उमेदवाराचं या खात्याबद्दलचं मत आपल्याला रोज जिथे लागतं तो भाग साइटवर इमिग्रेशन नावाच्या तिसऱ्याच पानावर जाऊन बसलाय. तेव्हा तिन्ही पानं वाचा, नुसतं होमलँड सिक्युरिटी वाचून थांबाल तर अर्धंच कळेल. चार, आणि डिझाइन सुधारलं तर साडेचार देईन.

मधल्या मधे एका मॅचिंग क्विझबद्दल. नाव नाही घेत. दहा-बारा प्रश्न विचारून तुम्ही अमुक उमेदवाराशी ८० टक्के जुळता असं सांगणारं ॲप, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं, सगळे आपापले टक्के टाकत होते म्हणून मी पण केलं. युद्धावर प्रश्न एकच, अमेरिकेने मित्रदेशांना मदत करावी का, हो किंवा नाही. कुठल्या मित्राला, कसली मदत, धान्य की बॉम्ब? शेवटी रिझल्ट दाखवायच्या आधी फोन नंबर मागितला आणि मी दिला, त्यानंतर नेवाडातल्या, पेनसिल्व्हेनियातल्या, आयुष्यात नाव न ऐकलेल्या उमेदवारांचे पैसे मागणारे मेसेज इलेक्शन संपेपर्यंत येत होते. असल्या क्विझमध्ये टाइमपास म्हणून जा, नंबर देऊ नका. शून्य.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. रोल कॉल. काँग्रेसमध्ये नाव पुकारून घेतलेलं प्रत्येक मतदान काँग्रेस डॉट गव्ह आणि हाउसच्या क्लार्कच्या साइटवर फुकट पडलेलं आहे, आणि ते वाचायला सोपं करून देते गव्हट्रॅक, जोशुआ टॉबरर नावाच्या माणसाने २००४ ला सुरू केलेली, सरकारी नसलेली साइट. कोणी हो म्हटलं, कोणी नाही, नकाशावर रंगवून, पक्षाप्रमाणे, नावाप्रमाणे. तुमच्या मेंबरसाठी अलर्ट लावला की त्याने मत दिलं की तुम्हाला मेल येते.

इथे १४ सप्टेंबर २००१ चं मतदान उघडा. रोल कॉल ३४२. ट्विन टॉवर पडून तीन दिवस झालेले, प्रेसिडेंटला सैन्य वापरायची परवानगी द्यायचा ठराव. ४२० विरुद्ध १. सिनेटमध्ये तर ९८ विरुद्ध शून्य, म्हणजे पूर्ण काँग्रेसमध्ये एकच नाही, आणि ते बार्बरा ली यांचं. ४२० नावांची यादी खाली खाली सरकवत जायची आणि मग वेगळ्या रकान्यात एकच नाव, ऑकलंडचं. मी बऱ्याच जणांना हे पान दाखवलंय, प्रत्येक जण एकदा परत वर जाऊन आकडा बघतो. शिफ त्या ४२० मध्ये, काँग्रेसमध्ये येऊन वर्षही झालं नव्हतं त्याला.

एक टिप, नाहीतर शोधत बसाल. जो कायदा झाला त्याचा नंबर सिनेटच्या ठरावाचा आहे, एस.जे.रेझ. २३. तो हाउसमध्ये शोधलात तर नावांची यादी मिळत नाही, कारण हाउसने आधी स्वतःच्या एच.जे.रेझ. ६४ वर नावं पुकारून मत घेतलं आणि मग सिनेटचा ठराव विनाहरकत मंजूर करून टाकला. ४२०-१ बघायचं तर ६४ उघडा. असल्या गोष्टी कुठल्याच गाइडमध्ये नीट सांगत नाहीत, आणि नवीन माणसाला वाटतं रेकॉर्डच गायब केलंय की काय.

त्या ठरावाचं मुख्य वाक्य इंग्रजीत साठ शब्दांचं आहे. देशाचं नाव नाही, शेवट कधी ते नाही. अफगाणिस्तानसाठी म्हणून दिलेली परवानगी पुढे येमेन, सोमालिया, सीरिया, लिबियापर्यंत ताणली गेली, बुश गेले, ओबामा आले-गेले, ट्रम्प, बायडन, सगळ्यांनी तीच वापरली. ली यांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं की इतकी मोकळी परवानगी कोणालाच देऊ नये. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या नॅशनल कथीड्रलमध्ये शोकसभा झाली, तिथे एका पाद्रींनी म्हटलेलं वाक्य त्यांनी सभागृहात परत म्हटलं, की आपण पाऊल उचलताना ज्या दुष्टपणाचा धिक्कार करतो तसलेच आपण होऊ नये. भाषण दोनेक मिनिटांचं आहे, सी-स्पॅनवर मिळतं, बोलताना आवाज कापतोय ते ऐकू येतं. नंतर जिवे मारायच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण द्यावं लागलं, देशद्रोही वगैरे तर म्हटलंच. वडील स्वतः आर्मीत लेफ्टनंट कर्नल होते त्यांचे, पण अशा वेळी ते कोण ऐकून घेतं.

याचा अर्थ ली म्हणजे देवी आणि शिफ म्हणजे युद्धखोर असं नाही, तसं कोणी ग्रुपवर लिहिलं की मला राग येतो. रोल कॉलचा दोष हाच आहे की हो किंवा नाहीच्या मागचं काही दिसत नाही. शिफने इराकला हो म्हटलं, तेव्हा हाउसमधल्या ८१ डेमोक्रॅट्सनी हो म्हटलं होतं आणि १२६ जणांनी नाही, म्हणजे त्याच्याच पक्षात तो कमी संख्येच्या बाजूला होता. २०१५ ला त्याला विचारलं पश्चात्ताप होतो का, तर तो होतो म्हणाला, गुप्तचरांची माहिती साफ चुकीची होती म्हणाला. आणि २०१३ मध्ये त्यानेच २००१ ची ती परवानगी ठराविक मुदतीत संपवायचं बिल आणलं होतं. हे सगळं गव्हट्रॅकवर बिलांच्या यादीत आहे पण तुम्हाला मुद्दाम शोधावं लागतं, लाल-हिरव्या ठिपक्यांत ते दिसत नाही. ली यांच्या बाबतीतही तेच. लोकांना वाटतं त्या नुसतं नाही म्हणतात. २००२ ला त्यांनी इराकवर पर्यायी ठराव मांडला होता, युद्धाऐवजी संयुक्त राष्ट्रांचे इन्स्पेक्टर पाठवा आणि वाटाघाटी करा, तो ७२ विरुद्ध ३५५ ने पडला. आणि जून २०२१ मध्ये २००२ ची इराकची परवानगी रद्द करायचं त्यांचंच बिल हाउसने २६८ विरुद्ध १६१ ने पास केलं. एकटीने नाही म्हणण्यापासून २६८ जणांना बरोबर घेण्यापर्यंत वीस वर्षं लागली, आणि हा प्रवास बघायचा तर तारखेप्रमाणे मतदानं लावून बघणं याला दुसरा रस्ता नाही. गव्हट्रॅकला साडेचार. अर्धा मार्क कापला कारण घरात ज्यांना काँग्रेसची भाषा माहीत नाही त्यांना मोशन टू रिकमिट म्हणजे काय ते मलाच समजावावं लागलं आणि मला पण धड येत नव्हतं.

मग डिबेट. सर्व्हिस म्हणून धरायचं तर फुकट आहे, यूट्यूबवर आहे, स्वयंपाक करता करता ऐकता येतं. २२ जानेवारी २०२४ ला यूएससीमध्ये झालेली पहिली डिबेट युद्धाच्या बाबतीत सगळ्यात चांगली, कारण गाझाचा प्रश्न थेट विचारला आणि चौघांना चार उत्तरं द्यावी लागली. ली यांनी ऑक्टोबर २०२३ पासूनच युद्धबंदीची मागणी केली होती, त्या त्यावर ठाम. शिफ इस्रायलच्या स्वसंरक्षणाच्या हक्काच्या बाजूने. पोर्टर आधी नाही आणि मग डिसेंबरपासून अटींसह युद्धबंदी. गार्वी इस्रायलच्या पाठीशी. इथे जे वीस मिनिटांत कळलं ते त्या २५ डॉलर शब्दवाल्या पुस्तिकेत कधीच कळलं नसतं. पण गार्वीसारख्या उमेदवाराची पंचाईत बघा, १९७४ चा एमव्हीपी म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, पण कधी कुठल्या पदावर नाही, त्यामुळे गव्हट्रॅकवर शून्य, ऑन द इश्यूजवर दोन-चार ओळी. ज्याने कधी मतच दिलं नाही त्याला पकडायला डिबेट आणि मुलाखती एवढंच साधन उरतं आणि तिथे तो सराव करून येतो. नवख्या उमेदवारांसाठी या सगळ्या साइट्स मिळून पाचपैकी दीड.

आणि राज्याच्या विधानसभेतून वर आलेल्यांचं काय, हे बघायला मी आपल्या बेळगावच्या श्री ठाणेदारांचं नाव टाकून बघितलं. मराठी घराघरात त्यांचं आत्मचरित्र वाचलेलं असतं, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत हरले, मग तिथल्या राज्य विधानसभेत, आणि जानेवारी २०२३ पासून डेट्रॉइटकडून काँग्रेसमध्ये, हाउसच्या होमलँड सिक्युरिटी कमिटीवर. म्हणजे ज्या खात्याबद्दल वर एवढं लिहिलं त्या खात्याला प्रश्न विचारायची खुर्ची एका बेळगावकराकडे. आता २०२१ मध्ये राज्य विधानसभेत असताना इस्रायलची लष्करी मदत थांबवा म्हणणाऱ्या ठरावावर त्यांची सही होती आणि नंतर त्यांनी ती भूमिका सोडली, काँग्रेसमध्ये ते इस्रायलच्या ठाम बाजूने आहेत, ऑक्टोबर २०२३ मध्ये डीएसए या समाजवादी संघटनेचा राजीनामा पण त्यांनी त्याच वादात दिला. मत बदलणं गुन्हा नाही, मला फक्त ते दिसायला हवं. गव्हट्रॅक उघडलं तर त्यांची गोष्ट २०२३ पासूनच सुरू होते, कारण ती साइट फक्त काँग्रेसची आहे. व्होट स्मार्ट राज्यांचे मेंबर घेते, त्यामुळे तिथे जुनं काही सापडू शकतं, पण ठरावावरच्या सह्या म्हणजे मतदान नव्हे, त्या बातम्यांत शोधाव्या लागतात. तेव्हा उमेदवार आधी राज्यात आमदार असेल तर त्या राज्याच्या विधानसभेच्या साइटवर त्याचं नाव टाका आणि स्थानिक पेपर वाचा, दुसरा शॉर्टकट मला तरी दिसला नाही. देशभरची साइट आहे म्हणून सगळं असेल असं धरून चालू नका.

निकाल माहितच असेल. शिफ आणि गार्वी दोघेही साधारण ३१-३२ टक्क्यांवर, पोर्टर १५ च्या आसपास, ली दहाच्या आत, आणि नोव्हेंबरमध्ये शिफ आरामात निवडून आला. ज्या मतासाठी आज सगळे ली यांचं कौतुक करतात त्या मताने त्यांना सिनेटची जागा मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मार्चच्या त्या इलेक्शनला आमच्या ग्रुपवर युद्धापेक्षा त्यांच्या ५० डॉलर किमान पगाराचीच चर्चा जास्त झाली.

२०२५ च्या पोटनिवडणुकीत ली ऑकलंडच्या मेयर झाल्या, त्यामुळे आता त्यांचं गव्हट्रॅकचं पान गोठलंय, नवीन काही येत नाही. शिफचं चालू आहे, सिनेटर म्हणून. त्याचा अलर्ट मी लावून ठेवलाय, तुम्हीही कॅलिफोर्नियात असाल तर लावा, फक्त सेटिंगमध्ये जाऊन रोजच्या ऐवजी आठवड्याला एक मेल करा, नाहीतर पोस्ट ऑफिसांची नावं बदलायच्या बिलांनी इनबॉक्स भरतो.